डेक्सा स्कॅनमधील प्रतिमादोष कसे शोधावेत

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रातून डॉक्टरांच्या हाती शेवटी टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त आहे हे सांगणारा आकडा, जातो, आणि तो ज्या प्रतिमेतून निघाला ती प्रतिमा पुष्कळदा कोणी निरखून पाहिलेली नसते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ झाल्याचे, निदान होते. त्यामुळे सीमेवरच्या रुग्णाच्या बाबतीत प्रतिमेतला एखादा डागही उपचार सुरू होण्यास किंवा राहून जाण्यास पुरेसा ठरतो. म्हणून रुग्ण टेबलावर असतानाच तंत्रज्ञाने आधी प्रतिमा पाहावी आणि आकड्याकडे नंतर वळावे.

रेघ, डाग किंवा तुटकपणा दिसला, तर दोष यंत्रात आहे की रुग्णाकडे, हे प्रथम ठरवावे. त्यासाठी फॅन्टमचा, म्हणजे घनता आधीच माहीत असलेल्या नमुन्याचा, सकाळचा स्कॅन उघडावा आणि शंका उरल्यास फॅन्टम पुन्हा स्कॅन करावा. तोच दोष त्याच जागी फॅन्टमवरही उमटला, तर टेबलावरची गादी काढून, टेबल पुसून आणखी एक स्कॅन घ्यावा, कारण गादीवर सांडून वाळलेला बेरियमचा (पोटाच्या क्ष-किरण तपासणीसाठी पाजतात त्या द्रवाचा) थेंबही असा डाग देतो. एवढे करूनही दोष टिकला, तर तो यंत्राचा समजावा. ज्या यंत्रात क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरची आडवी रांग शरीराच्या लांबीने सरकते, त्यात स्कॅनभर सलग उतरणारी उभी रेघ बहुधा रांगेतल्या एखाद्या निकामी घटकाकडे बोट दाखवते, तर आडव्या पट्ट्या दिसल्यास क्ष-किरणांचा मारा स्थिर नसल्याची शंका घ्यावी.

प्रतिमा स्वच्छ असूनही फॅन्टमची घनता ठरलेल्या सरासरीपासून १.५ टक्क्यांहून अधिक ढळली, तर फॅन्टम नीट ठेवून मोजणी पुन्हा करावी. दुसऱ्यांदाही तसेच आले, तर रुग्णांचे स्कॅन थांबवून सर्व्हिस इंजिनिअरला बोलवावे. यंत्राचे आवरण स्वतः कधीही उघडू नये. एखादा भाग बदलायचा असेल, तर त्याआधी आणि नंतर फॅन्टमचे प्रत्येकी १० स्कॅन घ्यावेत, आणि दोन्ही सरासरींत १ टक्क्याहून जास्त फरक पडला तर तो दुरुस्त झाल्याशिवाय काम सुरू करू नये.

माझ्या अनुभवात मात्र बहुतेक दोष रुग्णाच्या अंगावरच सापडतात. निऱ्यांना लावलेली सेफ्टी पिन नेमकी कमरेच्या मणक्यांसमोर येते. चांदीचा करदोडा, कनवटीला खोचलेली नाणी आणि परकराचा हूक यांचीही तीच गत. ‘अंगावर धातूचे काही आहे का?’ असे विचारले की बायका गळ्यातले काढतात, पण पिन त्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकेका वस्तूचे नाव घेऊन विचारावे; गाऊन घालायला दिला तर उत्तमच. धातू हाडावर आला तर घनता खोटी वाढते. तोच शेजारच्या मऊ ऊतींवर आला तर तुलनेचा पायाच बिघडून घनता कमी दिसू शकते. पोटात न विरघळलेली कॅल्शियमची गोळीही वरच्या मणक्यांजवळ दाट ठिपक्यासारखी उमटते, म्हणून ती २४ तास आधी थांबवायला सांगावे. नुकतीच बेरियमची तपासणी झाली असेल, तर स्कॅन पुढे ढकलावा.

मणक्याची कड एकाच पातळीवर पायरीसारखी सरकलेली दिसली, तर रुग्ण हलला आहे, आणि अशा स्कॅनचे विश्लेषण करत बसू नये. डेक्साचा किरणोत्सर्ग अत्यल्प असल्याने कारण दूर करून पुन्हा स्कॅन घेणेच योग्य. खुब्याच्या स्कॅनमध्ये लेसर ट्रोकॅन्टर हा मांडीच्या हाडावरचा छोटा उंचवटा ठळक दिसला, तर पाय पुरेसा आत वळलेला नाही. तो साधारण १५ ते २५ अंश वळवून पट्ट्याने बांधावा.

झिजेमुळे वाढलेले हाड, दबलेला मणका किंवा त्यात भरलेले सिमेंट काढून टाकता येत नाही. तेथे एल-१ ते एल-४ या कमरेच्या चार मणक्यांपैकी बाधित मणका विश्लेषणातून वगळावा. शेजारच्या मणक्यापेक्षा टी-स्कोअरमध्ये १ हून अधिक फरक असेल, तरी त्याकडे संशयाने पाहावे. मात्र आकडा सुधारावा म्हणून मणका वगळणे किंवा प्रतिमेवर आखलेली मणक्याची सीमारेषा सरकवणे हा रुग्णावर अन्याय आहे. किमान दोन मणके उरले नाहीत, तर मणक्याचा आकडा देऊच नये. खुबा आणि कोपरापुढच्या हातातले रेडियस हाड यांवर निदान सोपवावे. कोणता मणका का वगळला हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढच्या स्कॅनच्या वेळी तेच मणके घेऊन तुलना करता येईल.