पीसीओडी असलेल्या मुलीचा दम आणि ताकद कशी वाढवावी

मी परळच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. आठवी-नववीतली एखादी मुलगी दर वर्षी आईची चिठ्ठी घेऊन येते: हिला पीसीओडी निघालंय, लवकर दम लागतो, तरी पी.टी.तून सूट द्यावी. मी त्या आईला भेटायला बोलावते आणि सगळ्यात आधी सांगते, वजनकाटा माळ्यावर टाका.

हे मी उगाच सांगत नाही. पीसीओडी हा अंडाशय आणि हार्मोन्सचा त्रास. त्यात बऱ्याच मुलींचं शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर शरीराला वापरू देणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त तयार होतं. लांबलेली पाळी, हनुवटीवरचे केस, पिंपल्स हे सगळं त्यातून. मानेवरचा काळा पट्टा कितीही घासला तरी जात नाही, तोही बहुतेक वेळा इन्सुलिनमुळेच आलेला असतो. तो मळ नव्हे, त्यावरून मुलीला बोलू नका. स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात, आणि त्यानंतर एखाद-दोन दिवस इन्सुलिनही जास्त चांगलं लागू पडतं. काटा जराही हलला नाही तरी हा फायदा होतो. सडपातळ मुलींनाही पीसीओडी असतं, त्यांनाही व्यायाम तितकाच हवा.

मोजायचंच असेल तर दम मोजा. शिवाजी पार्कची अर्धी फेरी जवळपास 600 मीटर भरते. खेलो इंडियाच्या शाळांसाठीच्या चाचणीतही 600 मीटरच असतात. धावत, चालत, जमेल तसं पार करायचं आणि लागलेला वेळ वहीत लिहायचा. मग गुडघे टेकवून किती पुश-अप्स होतात तेही लिहायचं. एकही झाला नाही तर शून्य लिहा, सुरुवात तिथून. पुन्हा मोजायचं ते सहा आठवड्यांनी, मध्ये नाही.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू-हाडं मजबूत करणारा व्यायाम. दहावीच्या मुलीला शाळा आणि क्लासमधून सलग तास कुठून मिळणार? तुकडे करा. क्लासला रिक्षा-बसऐवजी भरभर चालत, संध्याकाळी वीस मिनिटं खाली खेळायला, रात्री जेवणाआधी दहा मिनिटं बैठका. भरभर म्हणजे किती, तर मैत्रिणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतकं. पहिले दोन आठवडे एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं. मग धावण्याचं मिनिट वाढवत न्या. अमुकच व्यायाम पीसीओडीला चालतो असं काही नाही. खो-खो, कबड्डी, लंगडी, सूर्यनमस्कार, नवरात्रातला गरबा, जे तिला आवडतं ते ती टिकवेल.

ताकदीच्या व्यायामावर मात्र मी अडून बसते. आया घाबरतात: आधीच चेहऱ्यावर केस, त्यात वजनं उचलून आणखी पुरुषी दिसली तर? तसं होत नाही. उलट स्नायू वाढले की साखर जिरायला जागा वाढते. बैठक अशी शिकवा: मागे न सरकणारी खुर्ची ठेवायची, पाय खांद्याइतके फाकवून उभं राहायचं, तीन आकडे मोजत हळू खाली जायचं, खुर्चीला जेमतेम टेकलं की टाचांवर जोर देऊन उठायचं. गुडघे आत वळायला लागले की तिथेच थांबायचं, ती थकली आहे. दहा-दहाच्या दोन फेऱ्या सहज जमल्या की पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन छातीशी धरायचा, म्हणजे पाच किलो झाले. सोबत पुश-अप्स आणि प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाची बोटं टेकवून शरीर सरळ धरून ठेवणं. एवढं पुरे, जिमची फी भरायची गरज नाही.

पावसाळ्यात सगळं कोलमडतं. चाळीत वरच्या मजल्यावर दोरीच्या उड्या मारल्या की खालचे ओरडतात, आणि जुने जिने ओले असताना तिथे धावायला मी कुणालाच सांगणार नाही. खोलीत लेझीमचे हात करा, हातात लेझीम नसली तरी चालतं. सलग दहा मिनिटं वाकून-उठून केले की घाम निघतो.

आता जे कुणी बोलत नाही ते. पुष्कळ मुली पळत नाहीत त्या आळसाने नव्हे. छाती हलते, मुलं बघतात. पायावरचे केस शॉर्ट्समध्ये दिसतात. तिला घट्ट बसणारी चांगली स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या, दादरच्या बाजारात स्वतः सोबत जाऊन, घालून बघून. लेगिंग्जवर खेळायला शाळेने हरकत घेतली तर पालक म्हणून भांडा. आणि घरात 'जाडे' ही हाक आजपासून बंद, आजीच्या तोंडूनसुद्धा.

जेवण तोडू नका. उपाशी ठेवून व्यायाम करून घेतला तर त्यानेही पाळी थांबू शकते. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढा व्यायाम चालतो, पण रक्तस्राव फार होत असेल, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या व्यायाम सुरू केला म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पहिली पाळी येऊन वर्ष उलटलं असेल आणि मध्येच 90 दिवस पाळी आलीच नाही, तर सहा आठवडे पुरे व्हायची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती वही सोबत न्या.