शेतरस्त्याचा आदेश निघतो, रस्ता का निघत नाही?

शेतात जायला वाट मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, हे तहसीलमध्ये कुणीही सांगेल. पण ती वाट प्रत्यक्षात मिळायची तर शेजाऱ्याला आपल्या धुऱ्याची (बांधाची) जागा मोकळी सोडावी लागते, मंडळ अधिकाऱ्याला स्थळपाहणीला शेतात यावं लागतं आणि अडवणारा ऐकत नसेल तर तहसीलदाराला जेसीबी आणि पोलीस बंदोबस्त उभा करावा लागतो. यातल्या एकानं जरी आपलं काम केलं नाही, तर आदेश फायलीत राहतो आणि सोयाबीनची पोती डोक्यावरून काढावी लागतात. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत हा त्रास दुप्पट होतो. दोन पाऊस झाले की दुसऱ्याच्या रानातून ट्रॅक्टर घालणंही शक्य नसतं. म्हणून पहिला अर्ज लिहितानाच, कुणी, कुठे, किती रुंदीचं आणि कधीपर्यंत काय करायचं, हे ठरवून घ्या.

सगळ्यात आधी कलम नीट निवडा. सर्वाधिक अर्ज इथेच बिघडतात.

वहिवाटीचा रस्ता होता आणि कुणी नांगरला, चर खोदला, काटेरी तार ओढली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 लागतं. त्याखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो आणि पुन्हा अडवू नये अशी मनाईही करू शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. भावकीची बैठक, पोलीस पाटलाची मध्यस्थी, पोळा झाल्यावर बघू, असं करत हे महिने निघून जातात. बैठक जरूर घ्या, पण दाव्यावर आवक क्रमांक पडल्यावर. अडथळ्याची तारीख दाव्यात लिहा आणि त्याच आठवड्यातले फोटो जोडा.

रस्ता कधी नव्हताच, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143. हे कलम बांधावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या सामाईक सरबांधावरून रस्ता देतं. दुसऱ्याच्या शेताच्या मधून जवळची वाट मागितली तर अर्ज फेटाळला जातो किंवा मिळालेला आदेश अपिलात टिकत नाही. दुसरीकडून जाता येत असेल तर तेही स्वतःच सांगा आणि तो मार्ग का चालत नाही ते लिहा: मध्ये ओढा आहे, पावसाळ्यात चार महिने बंद असतो, ट्रॉली वळत नाही. लपवलेला पर्यायी रस्ता समोरचा पहिल्याच तारखेला काढतो.

तिसरा प्रकार गावनकाशावरच्या रस्त्याचा. नकाशात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. तिथे नवा हक्क मागायची गरजच नसते. मोजणी करून अतिक्रमण काढा, एवढंच मागायचं असतं. म्हणून कुठलाही अर्ज करण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या. पांदण (गावचा जुना शेतरस्ता) नकाशावर असताना कित्येक जण कलम 143 खाली वर्षभर तारखा करत बसतात, हे फार वाईट वाटतं.

कागदपत्रं फार नाहीत: तुमचा ताजा सातबारा, गट नकाशा, हातानं काढलेला कच्चा नकाशा आणि रस्ता ज्यांच्या धुऱ्यावरून जाणार त्या सर्व गटांचे सातबारे. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. सातबारावर सहा नावं असतील तर सहाही जण सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. खातेदार मयत असेल तर वारसांची नावं लिहा. मयताच्या नावानं निघालेली नोटीस आणि एखाद्या भावाला न मिळालेली नोटीस, या दोन कारणांवरून चांगले आदेश रद्द होऊन फेरचौकशीला परत येतात. ज्याच्यावर बंधन घालायचं त्याला बोलायची संधी मिळालीच पाहिजे, आणि ते न्याय्यही आहे.

आता मागणीचा परिच्छेद. ‘मला शेतात जाण्यासाठी रस्ता मिळावा’ एवढंच लिहिलं तर आदेशही तेवढाच मोघम निघतो आणि अंमलबजावणीच्या दिवशी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) विचारतो, नेमका कुठून? त्यापेक्षा असं लिहा. गट क्रमांक नमुन्यादाखल आहेत:

‘गट 112 आणि गट 113 यांच्या सामाईक धुऱ्यावरून, पश्चिमेच्या पांदणीपासून पूर्वेला गट 118 पर्यंत, दोन्ही बाजूंनी सारखी जागा घेऊन एकूण 12 फूट रुंदीचा रस्ता द्यावा. सामनेवाल्यांनी ठरलेल्या तारखेपर्यंत अडथळा स्वतः काढावा. न काढल्यास मंडळ अधिकाऱ्यांनी बंदोबस्तात रस्ता मोकळा करून फोटोसह ताबा पंचनामा सादर करावा. सामनेवाल्यांनी पुढे अडथळा आणू नये.’

यात दिशा, रुंदी, सुरुवात, शेवट, मुदत आणि काम न झाल्यास ते करणारा अधिकारी, सगळं आलं. रुंदी मागताना गरज बघा. बैलगाडीला आठ फूट पुरतात, पण ट्रॉली भरून जायची तर बारा फूट लागतात. 2025 मध्ये शासनानंही शेतरस्त्यासाठी तीन ते चार मीटर रुंदी आणि सातबाराच्या इतर हक्कात नोंद, असं धोरण घेतलं आहे.

स्थळपाहणीच्या दिवशी टेप घेऊन हजर राहा. रस्ता वापरणारे दोन-तीन शेजारी जबाब द्यायला सोबत न्या. पंचनामा बांधावर लिहिला जाऊ द्या, वाचल्याशिवाय सही करू नका आणि काही चुकीचं लिहिलं तर हरकत तिथेच नोंदवायला सांगा. कार्यालयात बसून लिहिलेल्या पंचनाम्यात उत्तरेचा बांध दक्षिणेला जातो, आणि मग वर्षभर त्याच चुकीवर वाद चालतो.

आदेश आला की खरं काम सुरू होतं. त्याच आठवड्यात प्रमाणित प्रत घ्या आणि अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज द्या. आदेश आपोआप शेतात पोहोचेल असं समजून बसू नका. कलम 143 च्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील होतं किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. मामलेदार न्यायालयाच्या, म्हणजे कलम 5 खालच्या निर्णयावर अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी होते. अपील दाखल झालं म्हणून काम थांबत नाही. त्याला स्थगितीचा लेखी आदेश लागतो. ‘वर अपील आहे’ असं तोंडी सांगून काम थांबवलं जात असेल तर स्थगितीची प्रत मागा. दिवाणी दाव्याची कुणकुण लागली तर कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, न्यायालयात टाकून ठेवा, ते 90 दिवस चालतं.

मनाई असताना पुन्हा रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागू शकतं, म्हणजे पूर्वीचं भादंवि (भारतीय दंड विधान) 188. इथे लोक फसतात. या गुन्ह्यात तुम्ही ठाण्यात जाऊन दिलेली फिर्याद पुरत नाही. संबंधित अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयात जावी लागते. म्हणून अडवणुकीचा अर्ज तहसीलदाराला द्या आणि ‘कलम 223 खाली तक्रार दाखल करावी’ ही मागणी त्यात शब्दशः लिहा. काहीच हाललं नाही तर त्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली आणि तो कुणाकडे प्रलंबित आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. तिथे 30 दिवसांची मुदत आहे आणि चुकलं तर माहिती अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो. ज्या हक्कामागे असा नावानिशी दंड आहे, त्याची फाईल हलते.

हंगामाचं भान ठेवा. सहा महिन्यांची मुदत आड येत नसेल तर रब्बी निघाल्यावर अर्ज लावा, म्हणजे पाहणी आणि रस्ता मोकळा करणं मृगाच्या आधी, मोकळ्या रानात होईल. उभ्या तुरीतून जेसीबी घालून काढलेला रस्ता शेजाऱ्याच्या मनात कायमचा सलतो आणि पुढच्या नांगरटीला पुन्हा मोडला जातो.

बंधन तुमच्यावरही आहे. जमीन शेजाऱ्याचीच राहते, तुम्हाला फक्त जाण्या-येण्याचा हक्क मिळतो. ठरलेल्या रुंदीबाहेर चाक घालायचं नाही, हद्दीचा दगड हलवायचा नाही, रस्त्याखालून त्याची पाइपलाइन जात असेल तर ती फुटू द्यायची नाही. तुमच्या मागच्या शेतकऱ्याला तुमच्या धुऱ्यावरून जायचं असेल तर तुम्हीही जागा सोडा.

रस्ता मोकळा झाला की सातबाराच्या इतर हक्कात नोंदीचा अर्ज लगेच द्या. जमीन विकली गेली तर नव्या मालकाला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणता येत नाही. आणि घरात वाटणी व्हायची असेल तर वाटणीपत्रातच प्रत्येक हिश्श्याचा रस्ता दिशा, रुंदी आणि विहिरीपर्यंतच्या वाटेसह लिहून घ्या.