किती खोल? कुठून मोजून?

तेल-वायूच्या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं मला ठरलेले तीन-चार प्रश्न विचारतात. पायथॉन शिकू का? सगळं ऑटोमॅटिक होतंय, मग ड्रिलिंग इंजिनिअर लागणार का? भूशास्त्र बरं की रिझर्व्हॉयर? उत्तरं देऊन टाकतो: शिका, लागणार, आणि जे वाचताना झोप येत नाही ते. पण मला जे सांगायचंय ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्यापायी एका रात्री अख्ख्या शिफ्टसमोर माझी जी शोभा झाली ती आठवली की अजून कान गरम होतात.

तीन शब्द आधी सांगून ठेवतो. रिग म्हणजे विहीर खोदायचं अवाढव्य यंत्र, मड म्हणजे खोदताना विहिरीत फिरवत ठेवलेला जड द्रव, आणि किक म्हणजे थरातलं तेल, वायू किंवा पाणी दाबाने विहिरीत घुसणं.

नोकरीला लागून आठ महिने झाले होते. विहीर आडवी होती, म्हणजे आधी सरळ खाली, मग हळूहळू वळवत नेऊन थरात आडवं शिरायचं. माझ्याकडे किरकोळ कामं असायची, त्यातलं एक दर शिफ्टला किल शीट भरून ठेवण्याचं. किक आलीच तर मड किती जड करायचं, पंपाचे किती स्ट्रोक मारायचे, हा हिशेब त्या घाईत कोणी करत बसू नये म्हणून तो आधीच तयार ठेवतात. माझ्या आधीच्या मुलाने जाताना एक एक्सेल फाइल दिली होती. आकडे टाक, बाकी सगळं ती करते, म्हणाला. दोन आठवडे तिने खरंच एकही चूक केली नाही.

करणार कशी? तोवर विहीर सरळ होती.

सरळ विहिरीत पाइपची लांबी आणि विहिरीची उभी खोली एकच असते. वळण सुरू झालं की दोन्ही फारकत घेतात. लांबीला एमडी म्हणतात, उभ्या खोलीला टीव्हीडी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत व्याख्या लिहून मार्क घेतले होते. पण त्या फाइलमध्ये ‘डेप्थ’ असा एकच रकाना होता आणि मी रोज त्यात ड्रिलरच्या पडद्यावरचा आकडा टाकत होतो.

एका रात्री टूलपुशरने, म्हणजे रिगवरच्या मुकादमाने, सराव घेतला. पाइपवर २५ बार दाब दिसतोय असं समजा, किल मड, म्हणजे किक दाबून विहीर शांत करणारं मड, किती घनतेचं? शीट तयारच होती, मी ताडकन म्हणालो, १.३१. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, “विहीर किती खोल आहे?”

“चार हजार दोनशे मीटर.”

“मी लांबी नाही विचारली.”

आता हे जरा सावकाश सांगतो. कंटाळा आला तरी वाचा. विहिरीत उभ्या असलेल्या मडचा तळाशी पडणारा दाब फक्त उभ्या उंचीवर ठरतो. उंचावरच्या टाकीतून नळाला पाणी येतं तेव्हा पाइप दहा मीटर आडवा फिरवला काय नि शंभर मीटर फिरवला काय, नळ बंद असताना दाब तेवढाच. दाब टाकी किती उंच त्याचा. आमची विहीर ४,२०० मीटर लांब होती, पण उभी खोली होती २,६०० मीटर. मडची घनता १.२५, म्हणजे पाण्याच्या सव्वापट. बारमध्ये दाब काढायला ०.०९८१ गुणिले घनता गुणिले उभी खोली. उत्तर सुमारे ३१९ बार. लांबी धरली तर ५१५. म्हणजे माझ्या शीटच्या मते विहिरीच्या तळाशी १९६ बार असे होते जे जगात कुठेच नव्हते.

एवढी मोठी चूक दिसली कशी नाही? कारण शीट तो दाब दाखवतच नव्हती, ती फक्त किल मडची घनता दाखवायची. २५ बारांसाठी घनता किती वाढवायची, तर २५ भागिले (०.०९८१ गुणिले खोली), आणि ती वाढ मूळ १.२५ मध्ये मिळवायची. खोली २,६०० धरली की उत्तर १.३५, ४,२०० धरली की १.३१. दोन्ही आकडे शहाण्यासारखेच दिसतात. १.३१ पाहून कोणाची भुवई उडत नाही. पण ते मड भरलं असतं तर तळाशी ३३४ बार झाले असते आणि थराचा दाब होता ३४४. दहा बार कमी. म्हणजे विहीर मारली म्हणून सगळे हुश्श करणार आणि ती खालून येतच राहणार.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. मी लाजेने लाल होऊन खोलीवर गेलो आणि पहाटेपर्यंत बसून शीटमध्ये जिथे जिथे एमडी होता तिथे तिथे टीव्हीडी घातला. सकाळी अभिमानाने दाखवायला नेली, तर मडलॉगरने, म्हणजे वर येणारं मड आणि खडकाचा चुरा तपासणाऱ्याने, एका नजरेत चूक पकडली. नवं मड बिटपर्यंत, म्हणजे पाइपच्या टोकाच्या खोदणाऱ्या दातांपर्यंत, पोचायला किती लागेल, तो हिशेब आकारमानाचा. पाइपच्या पोटात मीटरला सव्वानऊ लिटर मावतं आणि पाइप आहे ४,२०० मीटर, म्हणजे जवळपास ३९ घनमीटर. मी २,६०० टाकून २४ करून ठेवले होते. किल मड बिटला पोचलं असं माझी शीट सांगेल तेव्हा ते दीड किलोमीटर मागे असेल.

म्हणून ‘टीव्हीडी वापरा’ असं वाक्य पाठ करू नका. स्थिर दाब उभ्या खोलीवर. आकारमान, स्ट्रोक, पंप चालू असताना घर्षणाने जाणारा दाब, हे सगळं लांबीवर. एकाच कागदावर दोन्ही लागतात. फाइल कोणी कितीही प्रेमाने दिलेली असो, तिच्यातला प्रत्येक ‘डेप्थ’ कुठला आहे ते तिच्या सूत्रात शिरून बघा. आणि हो, वारशात मिळालेल्या एक्सेल फाइलींबद्दल माझं मत कडवट आहे. अशी फाइल हाती आली की मी आधी कोऱ्या पानावर तोच हिशेब पेनाने करतो. वेळ जातो. जाऊ दे.

घाबरवायचा हेतू नाही. ही चूक सरावात झाली, कोणाला ओरखडाही आला नाही, आणि नोकरीही गेली नाही. तुमच्याही पहिल्या वर्षात अशा चारपाच होतील.

पण नव्या तंत्रज्ञानाने हा सापळा कमी होईल असं वाटत असेल तर उलट आहे. आता पडद्यावर आकडे जास्त आणि ते आले कुठून हे बघायची फुरसत कमी. १९२७ साली फ्रान्समध्ये पेशेलब्रॉनला पहिला विद्युत लॉग, म्हणजे खोलीनुसार खडकाच्या विद्युत गुणधर्माची नोंद, घेतला तेव्हा उपकरण जागोजागी थांबवून एकेका बिंदूचं मोजमाप हाताने कागदावर उतरवलं होतं. खोलीचा आकडा लिहिणाऱ्याच्या बोटांतून जात होता. आज मी हजारो किलोमीटर दूरच्या रिअल टाइम सेंटरमध्ये बसून विहीर बघतो. सोय मोठी आहे, पण पडद्यावरच्या लॉगच्या रेषेला खोली कोणी दिली?

ड्रिलरची खोली म्हणजे मोजून आत सोडलेल्या पाइपांची बेरीज. एक जॉइंट साधारण साडेनऊ मीटरचा. यादीत एक मोजायचा राहिला की विहीर तेवढ्याने उथळ. शिवाय लटकलेला पाइप स्वतःच्या वजनाने ताणला जातो. वायरलाइनवाले, म्हणजे केबलला बांधून उपकरण विहिरीत सोडणारे, केबल मोजतात, तीही ताणली जाते, पण वेगळ्या हिशेबाने. म्हणून एकाच थराचा माथा दोन लॉगांवर काही मीटर मागेपुढे दिसतो आणि गॅमा रे, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराची रेषा, जुळवून बसवावा लागतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं दोघांपैकी एकजण निष्काळजी आहे. तसं नसतं.

एमडब्ल्यूडीचं, म्हणजे खोदता खोदता मोजणाऱ्या उपकरणांचंही तेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मडमधून दाबाच्या ठोक्यांनी माहिती वर पाठवायचं तंत्र व्यवहारात आलं आणि विहीर वळवण्याचं कामच बदललं. नंतर रोटरी स्टिअरेबल आलं. पाइप फिरत असतानाच बिट वळवता येऊ लागली. आता तर रेझिस्टिव्हिटीची (खडक विजेला किती विरोध करतो ते मोजणारी) अशी उपकरणं आहेत की ती विहिरीभोवती तीस मीटरच्या आसपासची थराची हद्द दाखवतात. थर चारपाच मीटर जाडीचा असताना हे केवढं वरदान आहे ते आत बसून अनुभवावं. पण सर्व्हेचा सेन्सर बिटला लागून नसतो, बऱ्याचदा पंधरा-वीस मीटर मागे असतो. पडद्यावरचा कोन बिट आत्ता जिथे आहे तिथला नाही, मघाशी जिथे होती तिथला. बिटपाशी काय चाललंय तो अंदाज, तुमच्या वरिष्ठाने ‘अंदाज’ हा शब्द उच्चारला नाही तरीही.

शेकरवरच्या, म्हणजे मड गाळायच्या चाळणीवरच्या, खडकाच्या चुऱ्याचंही असंच. वर यायलाच पाऊण-एक तास लागतो. हातात घेतलेला खडा मघाचा असतो. हे मात्र मडलॉगर पहिल्याच दिवशी शिकवतात, म्हणून इथे कोणी फारसं फसत नाही.

सिस्मिकमध्ये, म्हणजे जमिनीत लाट सोडून थर शोधण्यात, तर मीटर नसतातच. लाट गेली आणि परत आली, त्याला किती मिलिसेकंद लागले एवढंच कळतं. दोन सेकंद लागले आणि खडकातला सरासरी वेग सेकंदाला २,५०० मीटर धरला, तर थर २,५०० मीटरवर. वेग २,६०० धरला की तोच थर शंभर मीटर खाली सरकला. वर मिठाचा घुमट असला तर आणखी मजा: मिठात लाट सुमारे ४,५०० च्या वेगाने पळते, म्हणून त्याच्या खालचे थर चित्रात उगाच वर उचललेले दिसतात आणि नसलेली टेकडी दिसते. फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्शन, समुद्रतळावर ठेवलेले नोड, हा सगळा खर्च मुख्यतः तो वेग नीट कळावा म्हणून आहे. हे ध्यानात ठेवून त्या विषयाचा अभ्यास कराल तर गणित कमी भीतिदायक वाटेल. मला कोणी हे सांगितलं नाही, मी दोन सेमिस्टर नुसती समीकरणं घोटली.

उत्पादनाबद्दल मला कमी अधिकाराने बोलता येतं. विहिरीत फायबर टाकून तापमान नि आवाज ऐकतात, पंप दूरवरून चालवतात. तिथली माणसं शांत असतात आणि घरी वेळेवर जातात, एवढं सांगतो.

आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीवर डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला, ११ माणसं गेली. त्या संध्याकाळच्या निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये (विहिरीतला दाब मुद्दाम कमी करून ती गळते का ते बघायची चाचणी) ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता आणि किल लाइनमधून, म्हणजे विहिरीला जोडलेल्या बाजूच्या नळीतून, प्रवाह येत नव्हता. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेल्या, तरी वेगळं बोलत होत्या. पाइपवरच्या दाबाला ‘ब्लॅडर इफेक्ट’ असं नाव देऊन टेस्ट पास धरली गेली. गेज खोटं बोललं नव्हतं. मी त्याचा अहवाल दरवर्षी एकदा वाचतो, तुम्हीही वाचा; पाच प्रमाणपत्रांपेक्षा जास्त कळेल.

प्रमाणपत्रांवरून आठवलं. वेल कंट्रोलचं (किक आवरण्याचं) सोडून बाकी कशासाठीही पहिल्या दोन वर्षांत पैसे भरू नका. त्यापेक्षा व्हॉल्व्ह (Volve) या तेलक्षेत्राचा डेटा उतरवून घ्या. उत्तर समुद्रातलं हे नॉर्वेचं फील्ड २०१६ ला बंद झालं आणि २०१८ साली इक्विनॉरने त्याच्या सुमारे ४०,००० फाइली सगळ्यांसाठी खुल्या केल्या. सिस्मिक, लॉग, ड्रिलिंगचे रोजचे रिपोर्ट, उत्पादन, सगळं खरं आणि खऱ्यासारखंच अस्ताव्यस्त. लॉगच्या फाइली उघडाल तेव्हा ‑९९९.२५ असा विचित्र आकडा जागोजागी भेटला तर ते मोजमाप नव्हे, ‘इथे काही नाही’ असं म्हणायची रीत आहे. एका हुशार मुलाने त्यांसकट सरासरी काढली होती. त्याच्या खडकाची सच्छिद्रता शून्याच्या बरीच खाली गेली होती. आणि आकड्यांवर उडी मारण्याआधी हेडर वाचा. खोली कुठून मोजली ते तिथे असतं: रोटरी टेबलापासून (रिगच्या मजल्यावरचं फिरतं टेबल) की समुद्रपातळीपासून. भूशास्त्रज्ञ समुद्रपातळी धरतात, ड्रिलर स्वतःच्या पायाखालचं टेबल, आणि रिग बदलली की टेबलाची उंची बदलते.

गुरू कसा ओळखायचा, हेही विचारतात. पटकन उत्तर देणारा नव्हे. माझ्या पहिल्या बॉसकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं आणि मी त्याच्याकडून जवळजवळ काही शिकलो नाही. मला घडवलं त्या मडलॉगरने, ज्याला हुद्दा नव्हता आणि ज्याचं बोलणं प्रश्नानेच संपायचं. रिमोट सेंटरमध्ये पहिली नोकरी लागली तर असा माणूस मिळणं अवघड आहे, हे कबूल. तरी वर्षातून महिनाभर रिगवर पाठवा म्हणून मागे लागा. कंटाळून पाठवतात.

माझी शीट अजून आहे. तिच्यात आता एमडी निळा, टीव्हीडी लाल, टेबलाची उंची पिवळ्या चौकटीत, आणि ती मी कोणालाही देताना आधी पेनाने हिशेब करून दाखवायला लावतो. मागच्या महिन्यात नवीन आलेल्या मुलीने पेनाने हिशेब केला, कागद शेजारी ठेवला आणि विचारलं, “सर, पिवळ्या चौकटीतला आकडा आधीच्या रिगचा आहे का?”

होता. साडेतीन मीटरचा फरक.