कन्सोल किती वीज खातो, मीटरवरच मोजा

बिल वाढलं की दोष गेमिंग कन्सोलवर येतो. तो खरा किती, हे महावितरणच्या मीटरवर कळतं. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत मीटर पार्किंगमध्ये असतात, तेव्हा एकाने खाली थांबावं.

१. फ्रिज, गीझर, पंखे बंद. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर आकडा फुगतो.
२. फक्त टीव्ही चालू ठेवून मीटरच्या लाल दिव्याची लुकलुक ५ मिनिटं मोजा.
३. गेम सुरू करून पुन्हा मोजा. नुसता मेनू नको, तो कमी वीज खातो.
४. फरक × १२,००० ÷ मीटरवर छापलेला 'इम्प' आकडा (imp/kWh, म्हणजे एका युनिटला किती लुकलुक) = वॅट.

३२०० इम्पच्या मीटरवर ५४ चा फरक म्हणजे सुमारे २०० वॅट, ५ तासांत १ युनिट.

कन्सोल रेस्ट मोडमध्ये (पूर्ण बंद नाही, नुसता झोपलेला) असताना भिंतीवरचं बटण बंद करू नका, सेव्ह डेटा बिघडू शकतो. आधी पूर्ण शटडाउन करा.