जुनी लाकडी होडी घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

वर्सोव्यात काकांची 11 फुटी सागवानी होडी घरामागे कित्येक वर्षं पडून होती. दुरुस्तीला घेतली तेव्हा फळ्यांच्या सांध्यांतून पलीकडचं ऊन दिसायचं. मी इपॉक्सी, म्हणजे वाळल्यावर कडक होणारा गोंद, आणलं आणि दोन सांधे गच्च भरले. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. "अरे, पाण्यात फुगल्यावर फळी जाईल कुठे?"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उन्हात आकसलेली फळी पाण्यात पुन्हा फुगते. सांध्यात दगडासारखा माल असला, तर ती खिळे उपटते नाहीतर आतली फासळी मोडते. भरायचा तो कापसाचा पीळ, लाकडी हातोडीने, हलक्या हाताने. जोरात ठोकलात तर फळ्याच अलग होतात. वरून मऊ लांबी, म्हणजे पुट्टी. त्याआधी कडांना रंगाचा पातळ हात द्याच, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी भुगा होऊन गळते.

आपण खाऱ्या पाण्याला भितो, पण होडी कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. पावसाळ्यात ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. बांबूवर तंबूसारखी ताणा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, तळाचं बूच काढून ठेवा.

रंग चकचकीत दिसला म्हणून लाकूड चांगलं समजू नका. पठाणाला, म्हणजे कीलला, लागून असलेल्या फळीत मी टोचा दाबला तर तो पाऊण इंच आत गेला आणि काळपट, ओला, कुबट वासाचा भुसा घेऊन बाहेर आला. अशा जागी लांबी भरू नका. कडक लाकूड लागेपर्यंत कापा आणि नवं सागवान बसवा.

पाण्याखाली पितळी स्क्रू नकोत. समुद्रात त्यातलं जस्त निघून जातं आणि स्क्रू ठिसूळ होतो. तांब्याचे खिळे वापरा; शेजारी लोखंडी मारू नका, ते लवकर गंजतात.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नका. ओला पॉलिशपेपर आणि मास्क वापरा. नवा रंग दिवाळीनंतरच, गोड्या पाण्याने मीठ धुऊन, लाकूड पूर्ण वाळवून.

होडीच्या फळ्या फुगवायला ती जमिनीवर पाण्याने काठोकाठ भरू नका. 400 लिटर म्हणजे 400 किलो, आणि बाहेरून समुद्राचा आधार नसतो. आत ओली गोणपाटं अंथरा. खाडीत उतरवल्यावर सुरुवातीला पाणी झिरपणारच, तेव्हा घाबरून परत वर ओढू नका. आमच्या होडीतून पहिल्या रात्री भरतीला तीनदा बादलीने पाणी काढलं. तिसऱ्या सकाळी तळाशी फक्त ओल होती.