मेक्सिकोच्या पितरांसाठी पतंगी कागदाचं तोरण

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला ‘दिया दे लोस मुएर्तोस’ म्हणजे ‘मृतांचा दिवस’ पाळतात. वारलेली लेकरं पहिल्या दिवशी आणि वारलेली मोठी माणसं दुसऱ्या दिवशी घरी येऊन जातात, अशी श्रद्धा. वेदीवर फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, गोड पाव आणि झेंडू मांडतात. झेंडूही मूळचा तिकडचाच! इंदूरच्या मुलांना पितृपक्ष आणि त्या दिवसांत मुली भिंतीवर शेणानं काढतात ती संजा ठाऊक असते. वर्गात विषय तिथून काढा, हॅलोविनपासून नको.

वेदीवरचं कातरलेल्या कागदाचं तोरण म्हणजे ‘पापेल पिकादो’. तिथले कारागीर कागदांची थप्पी छिन्नी-हातोडीनं कोरतात. वर्गात बोथट टोकाची कात्री पुरे.

तीस मुलांसाठी ५० × ७५ सेंमीचे पतंगी कागदाचे आठ ताव घ्या. एका तावातून २४ × १८ चे आठ तुकडे निघतात, म्हणजे प्रत्येकी दोन. पहिला बहुधा फाटतो.

तुकडा आडवा धरून वरची २ सेंमी पट्टी आखा. तिला कात्री लावायची नाही. मग उभी घडी घालून १२ × १८ करा. आता कवटीचा चेहरा: नाक घडीवरच, उलट्या बदामाचं अर्धं. डोळ्यासाठी घडीपासून ३ सेंमीवर चिमटीत छोटी घडी घेऊन अर्धगोल कापा. दोन्ही पदर एकदम कापले की दोन्ही डोळे सारखे येतात. दातांसाठी तोंडाच्या रेषेवर कागद आडवा दुमडून अर्ध्या सेंमीवर बारीक चिरा द्या.

कवटीची बाह्यरेषा सलग कापली तर सगळा चेहरा गळून हातात येतो, आणि मुलं नेमकी तीच कापतात. म्हणून कापायचा भाग आधी पेन्सिलीनं काळा करायला लावा. दोन काळ्या भागांमध्ये किमान १ सेंमी कोरा कागद उरलाच पाहिजे, त्यावरच तोरण तगतं. एवढं तपासल्याशिवाय कात्री देऊ नका.

काही घरांत कवटी अशुभ मानतात. तिथे झेंडू किंवा पक्षी कापू द्या, मेक्सिकोतही ते असतातच. आजी-आजोबांचे फोटो मागवण्याआधी घरी विचारा. नुकतंच कुणी गेलं असेल त्या मुलाला आग्रह नको.

शेवटी पट्टी दोऱ्यावरून मागे दुमडून ग्लू स्टिकनं चिकटवा. पातळ गोंदानं कागद भिजून फाटतो, रंगही उतरतो. दोन तुकड्यांत २ सेंमी अंतर ठेवलं तर तीस तुकड्यांना ७.८ मीटर दोरा लागतो. बांधायला धरून १० मीटर घ्या. वेदीवर खऱ्या पणत्या असतील तर तोरण मागच्या भिंतीवर, ज्योतीपासून लांब बांधा.