मन खातंय म्हणून सही करू नका: अपराधी भावना आणि कायद्यातला गुन्हा यांची गल्लत करताना होणाऱ्या चुका

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं पाहताना एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांनी खरोखर काही केलेलं असतं, त्यातले बरेचजण शांत असतात. ज्यांचा दोष कायद्याच्या दृष्टीनं जेमतेम असतो किंवा नसतोच, ती माणसं मात्र रडत रडत नको ते लिहून देतात. आपल्या मराठी घरांतून हे जास्त होतं, असं माझं मत आहे. रामबाग असो, लोकमान्यनगर असो, "आपली चूक आपण कबूल करावी" हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. संस्कार चांगलाच आहे. पण कबुली कोणापुढे द्यायची, केव्हा आणि कुठल्या शब्दांत, हे कोणी सांगत नाही.

माझ्यामुळे कोणाचं तरी वाईट झालं, एवढंच मनाची टोचणी सांगते. न्यायालय निराळे प्रश्न विचारतं. कायद्यानं गुन्हा ठरवलेलं कृत्य घडलं का? ते करताना हेतू होता, जाणीव होती, की निष्काळजीपणा होता? आणि हे सगळं वाजवी संशयापलीकडे शाबित झालं का? काळीज कितीही तुटत असलं तरी या प्रश्नांची उत्तरं त्यातून निघत नाहीत. कायदेशीर मार्गानं, काळजी घेऊन, कोणताही वाईट हेतू नसताना एखादं काम करताना निव्वळ अपघातानं काही घडलं, तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम १८ स्पष्ट म्हणतं की तो गुन्हा नाही.

"चूक माझीच" असं कागदावर लिहून देणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबते. राजेंद्रनगरातल्या एका मुलाची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. संध्याकाळची वेळ, ए.बी. रोडवर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून एक आजोबा अचानक पुढे आले. स्कूटर हळूच होती, तरी धक्का बसला आणि आजोबांचा पाय मोडला. मुलानं त्यांना स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथून हलला नाही. रात्री आजोबांचे नातेवाईक आले. त्यातल्या एकानं वहीचं पान फाडून मजकूर लिहिला: "मैं गाड़ी तेजी व लापरवाही से चला रहा था, गलती पूरी मेरी है, इलाज का पूरा खर्च दूंगा." मुलाच्या बाहीवर अजून आजोबांचं रक्त होतं. त्यानं नर्सबाईंकडून पेन मागून घेतलं आणि सही केली. नंतर माझ्यापाशी म्हणाला, "ताई, त्या अवस्थेत नाही कसं म्हणणार?"

त्याच्या सहीखालचे शब्द नीट पाहा. "तेजी व लापरवाही" ही थान्यातल्या, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या, रिपोर्टची भाषा आहे. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन चालवणं हा न्याय संहितेच्या कलम २८१चा गुन्हा, आणि तशा कृत्यानं दुसऱ्याला इजा होणं हा कलम १२५चा. गाडी हळू होती, माणूस फटीतून आला, हे खरं असूनही मुलानं त्याच्या उलट लिहून दिलं. शिवाय कागद पोलिसांना नव्हे, नातेवाइकांना दिलेला, त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला कायद्याची जी आडकाठी आहे ती इथे नाही. त्यात विम्याची भर. आपल्याकडच्या मोटर विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत अटच असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दोष कबूल करायचा नाही आणि पैसे देण्याचं वचनही द्यायचं नाही. त्या रात्री कुणी पॉलिसी उघडून पाहतं का?

मग करायचं काय? जखमीला दवाखान्यात नेणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्यच आहे. थान्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवायचं. विमा कंपनीला कळवायचं. जागेचे फोटो काढायचे, आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे कुठे आहेत ते पाहून ठेवायचं. आणि नातेवाइकांशी माणसासारखं बोलायचं: "आजोबांना इतकं लागलं, मला फार वाईट वाटतंय. मी इथेच आहे, औषधं आणून देतो." यात कुठेही गुन्ह्याची कबुली नाही. "वाईट वाटलं म्हणू नकोस, अडकशील" असा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. मला तो सल्ला पटत नाही. त्यानं चालक तोंड लपवतो, समोरचे चिडतात आणि प्रकरण आणखी बिघडतं.

नातेवाइकांची गरजही खरी असते, उपचाराला पैसा लागतोच. पण त्या पैशासाठी मुलाकडून कबुली लिहून घेण्याचं कारण नाही. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे, आणि गाडीचा तृतीय पक्ष विमा त्यासाठीच सक्तीचा केलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार तर चालकाचा दोष शाबित न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. ही गोष्ट दोन्ही बाजूंना त्या रात्रीच माहीत असती, तर वहीचं पान फाडायची वेळ आली नसती.

आपला काही दोष नसतानाही चालकाला आतून जे वाटतं, ते खोटं नसतं. इंग्लिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नेमकं अशाच लॉरीचालकाचं उदाहरण घेतलं होतं. चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल आलं, तर त्याचं दुःख बघ्यांच्या दुःखापेक्षा वेगळं असतं, कारण घटना त्याच्या हातून घडलेली असते. "तुझी चूक नाही" असं सगळ्यांनी म्हणावं हे योग्यच, पण तो स्वतः लगेच तसं म्हणून मोकळा झाला तर आपल्यालाच विचित्र वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार खरं वाटतं. त्या मुलाला रडू येणं त्याच्या चांगुलपणाची खूण होती. तो रडला म्हणून बेदरकार ठरत नाही.

थान्यात मन मोकळं करणं

टीआय साहेब, म्हणजे थान्याचे प्रमुख, चहा मागवतात, आवाज मऊ करतात, "बता दे बेटा, मन हल्का हो जाएगा" म्हणतात. मन खरंच भरलेलं असतं, आणि माणूस बोलून जातो.

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबित करता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. पण त्याच कलमात एक खिडकी उघडी आहे: ताब्यातल्या आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेला माहितीचा भाग पुराव्यात येतो. आपल्याकडे थान्यात याला नुसतं "मेमो" म्हणतात. मेमोवर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. हिंदीतला हस्तलिखित मजकूर घाईत वाचता येत नसेल तर तसं सांगा आणि वाचून दाखवायला लावा. तपासात साक्षीदाराचं जे बयान लिहून घेतात, त्यावर तर सही घ्यायचीच नसते; नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम १८१ तसं सांगतं. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क त्याच संहितेचं कलम ३८ देतं, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्येच आहे. गप्प राहणं म्हणजे मुजोरी नव्हे.

"न केलेली गोष्ट कोणी कबूल करेल का?" असं लोक विचारतात. करतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन आणि कॅथरिन कीचेल यांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संगणकावर टायपिंग करायला बसवलं, एक ठरावीक बटण दाबू नका असं बजावलं, मग संगणक मुद्दाम बंद पाडून "तूच ते बटण दाबलंस" असा आरोप केला. कोणीच दाबलं नव्हतं. तरी ६९ टक्के मुलांनी कबुलीवर सही केली, आणि काहींना तर आपण दाबलं असं खरंच वाटू लागलं. प्रयोगशाळेत, साध्या बटणासाठी ही अवस्था. समोर खाकी वर्दी असेल तर काय होईल, विचार करा.

खरंच कबुली द्यायची असेल तर तिची जागा दंडाधिकाऱ्यांसमोर आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. "तुम्हाला कबुली देणं बंधनकारक नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते" हे त्यांनी आधी समजावून सांगावंच लागतं. वकिलाशी बोलल्याशिवाय तिथवर जाऊ नका.

मध्यरात्रीचा व्हॉट्सॲप

"सगळं माझ्यामुळे झालं. मीच मारलं त्याला." असे मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर पडतात, आणि फोन जप्त झाला की ते चालानसोबत, म्हणजे आरोपपत्रासोबत, न्यायालयात येतात. नातेवाईक किंवा शेजाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीला पोलिसांपुढच्या कबुलीसारखी मनाई नाही. न्यायालय तिच्याकडे सावधपणे पाहतं, तरी ती पुराव्यात येतेच. बोलणं गरजेचं असतं, माणूस कोंडून घेऊन जगू शकत नाही. अशा वेळी वकिलाशी बोला. त्या बोलण्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२चं संरक्षण आहे. मनोविकारतज्ज्ञाशी जरूर बोला, तेही गोपनीय ठेवतात, मात्र वकिलाइतकं पक्कं कवच त्यांच्याकडे नसतं हे लक्षात ठेवा.

पहिल्याच पेशीला (कोर्टाच्या तारखेला) "जुर्म कबूल"

हे टोचणीपेक्षा लाजेनं जास्त होतं. मी वाईट केलं असं वाटणं निराळं आणि मीच वाईट आहे असं वाटणं निराळं, हा फरक मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये मांडला. पहिल्यात माणूस भरून काढायला धडपडतो, दुसऱ्यात त्याला फक्त नाहीसं व्हायचं असतं. एम.जी. रोडवरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कोणी ओळखीचं दिसेल या धास्तीनं चांगल्या घरातली मुलं "दंड भरतो, आजच संपवा" म्हणतात.

ते संपत नाही. कबुलीवर शिक्षा झाली की ती दोषसिद्धीच असते, दंड पाचशेचा असला तरी. त्यानंतर अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं उरतं. सरकारी नोकरीच्या पडताळणी अर्जात ती लिहावी लागते. न लिहिणं आणखी घातक, हे अवतार सिंह प्रकरणातल्या २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला माहीत असायला हवं.

समन्स खटल्यात (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यात) दंडाधिकारी आरोपीचं म्हणणं शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवतात. म्हणून शब्द जपा. "हो साहेब, गाडी मीच चालवत होतो" यात गुन्हा कबूल होत नाही. आणि गुन्हा खरंच झाला असेल, कबूल करायचं मनापासून ठरलं असेल, तर वकिलाला १९५८च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याबद्दल विचारा. त्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं, आणि कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. प्रामाणिक माणसासाठी ही वाट आहे, पण ती मागावी लागते.

उलट चूक करणारेही भेटतात: "कोर्टानं सोडलं, म्हणजे मी काही केलंच नाही." साक्षीदार फिरले म्हणून सुटका झाली असेल, तर ज्यांचं नुकसान झालं त्या घराचं देणं तुमच्या डोक्यावर आहेच. ते कसं फेडायचं हे कायदा सांगणार नाही.

गुन्हा नाही तिथे स्वतःलाच आरोपी करणं

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, दवा बाजारात इंजेक्शनसाठी उन्हात उभे राहिलेले लोक अजून म्हणतात, "दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं असतं तर बाबा वाचले असते." आज जे कळतंय ते त्या दिवशी माहीत होतं, असं मन धरून चालतं. तो निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर घेतला होता. तेव्हा हाताशी काय होतं, कोणता बेड मिळत होता, डॉक्टर काय म्हणाले, हे कागदावर लिहून काढा. खूप जणांना त्यानं उतार पडतो.

घरात आत्महत्या झाली असेल तर सांभाळून बोला. पंचनाम्याच्या वेळी आई म्हणते, "मीच रागावले, मीच मारलं त्याला." आत्महत्येस प्रवृत्त करणं हा न्याय संहितेच्या कलम १०८चा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा, पण त्यासाठी चिथावणी किंवा जाणूनबुजून केलेला हातभार दिसावा लागतो. अभ्यासावरून रागावणं त्यात साधारणपणे बसत नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कोणी पोलिसांशी बोलावं आणि आईजवळ एकानं सतत बसून राहावं.

आठवडे उलटले तरी अपराधीपणा कमी होत नाही, क्षुल्लक गोष्टींवरही स्वतःला शिक्षा द्यावीशी वाटते, झोप आणि भूक गेली आहे, असं असेल तर हा संस्कार नव्हे, आजार असू शकतो. अवाजवी अपराधी भावना हे नैराश्याचं एक मान्य लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका, आणि पोलीस पकडतील या भीतीनंही लपवू नका: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र ताणाखाली असलेला मानतं, आरोपी नव्हे. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि मोफत आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. स्त्रिया, मुलं आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज पुरतो.